मदत हवी आहे: वेगवेगळ्या काळातल्या रणगाड्यांची तुलना कोणत्या आकड्यांवर करायची?

फिरता_टरेट:
मंडळी, शाळेच्या प्रदर्शनासाठी रणगाड्यांचा मोठा भिंततक्ता तयार करतोय. मार्क १, टी-३४, शर्मन, टायगर १, सेंच्युरियन, टी-५५, टी-७२ आणि अर्जुन असे आठ रणगाडे घेतलेत. मारा, चिलखत आणि वेग अशा तीन रकान्यांत १० पैकी गुण द्यायचे असा बेत आहे, पण तीन ठिकाणी घोडं अडलंय.

एक, नुसत्या आकड्यांवर गुण दिले की अर्जुन आणि टी-७२ कायम वर, मार्क १ कायम तळाला. दोन, टी-३४चं पुढचं चिलखत एका ठिकाणी ४५ मिमी तर दुसऱ्या ठिकाणी ९० मिमी दिलंय. टी-७२च्या बाबतीत तर २०५ पासून ५५० पर्यंत काहीही सापडतं. तीन, एकाच तोफेची भेदनक्षमता तीन पुस्तकांत तीन वेगवेगळी.

प्रदर्शनानंतर मुलांना अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम दाखवायचंय. तिथे स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहता येईल असं काही सुचवलंत तर फार बरं होईल.

उतारकोन:
चिलखताचं आधी घेतो, कारण तो गुंता सगळ्यात लवकर सुटतो. ४५ आणि ९० दोन्ही बरोबर आहेत. पोलादाची पाटी ४५ मिमी जाडीची आहे आणि ती उभ्या रेषेपासून ६० अंश मागे झुकलेली आहे. समोरून आडव्या येणाऱ्या गोळ्याला त्या पाटीतून तिरकं जावं लागतं, म्हणजे त्याच्या वाटेत येणारं पोलाद = जाडी ÷ कोनाचा कोसाइन. ४५ ÷ ०.५ = ९०. शर्मनच्या पहिल्या मॉडेलांची पुढची पाटी ५१ मिमी, ५६ अंश, म्हणून ९१. शर्मन म्हणजे पातळ डबा आणि टी-३४ म्हणजे किल्ला हे चित्र त्यामुळे पुढून तरी टिकत नाही.

चूक बहुतेक वेळा कोनात होते. काही पुस्तकं कोन उभ्या रेषेपासून मोजतात, काही जमिनीपासून. टी-३४चा कोन '३०' दिसला तर तो जमिनीपासूनचा आहे. तो तसाच सूत्रात घातला की उत्तर ५२ येतं आणि पुढचा सगळा तक्ता बिघडतो. प्रत्येक नोंदीशेजारी 'उभ्यापासून' असं लिहूनच ठेवा.

टी-७२ला मात्र हे सूत्र जसंच्या तसं लावता येत नाही. सुरुवातीच्या टी-७२ची पुढची पाटी तीन थरांची आहे: ८० मिमी पोलाद, १०५ मिमी काचतंतूंचा थर, आतून २० मिमी पोलाद. बेरीज २०५, कोन ६८ अंश, वाट सुमारे ५४७ मिमी. तुम्हाला सापडलेले दोन्ही आकडे इथूनच येतात. पण काचतंतू म्हणजे पोलाद नव्हे. स्फोटाच्या झोताने भेदणाऱ्या हीट गोळ्यापुढे तो थर चांगला टिकतो, धातूच्या कांडीसारख्या वेगवान गोळ्यापुढे तितका टिकत नाही. म्हणून १९७०नंतरच्या रणगाड्यांसाठी चिलखताचा एकच आकडा लिहूच नका. अर्जुनच्या कांचन चिलखताची रचना गुप्त आहे. नेटवर फिरणारे त्याचे मिलिमीटर तक्त्यात घेण्यापेक्षा 'संमिश्र चिलखत' लिहून मोकळे व्हा.

आणि मॉडेल व वर्ष ठरवल्याशिवाय एकही आकडा भरू नका. १९४०चा टी-३४ साडेसव्वीस टनांचा, ७६ मिमी तोफेचा, चार माणसांचा. १९४४चा टी-३४-८५ हा ३२ टनांचा, ८५ मिमी तोफेचा, पाच माणसांचा. नाव एकच असलं तरी तक्त्यात या दोन वेगळ्या नोंदी हव्यात.

बारूदखाना:
भेदनक्षमतेचे आकडे जुळत नाहीत कारण चाचण्याच वेगळ्या होत्या. जर्मन आकडे सहसा ३० अंश झुकवलेल्या पाटीवरचे असतात. ब्रिटिश-अमेरिकन आकड्यांत साधारण निम्मे गोळे आरपार गेले की पाटी भेदली असं धरतात. सोव्हिएत पद्धतीत हाच निकष बराच कडक, ७५-८० टक्क्यांचा. त्यामुळे सोव्हिएत तोफ कागदावर आहे त्याहून कमजोर दिसते. शिवाय साधा चिलखतभेदी गोळा आणि टंगस्टन गाभ्याचा गोळा यांचे आकडे एकाच रकान्यात मिसळले जातात. टंगस्टनचे गोळे युद्धकाळात मोजकेच मिळत, म्हणून ते वगळा. एक अंतर (१००० मीटर), एक कोन, नेहमीचा गोळा, एवढं पक्कं धरा. ज्या आकड्याशेजारी हे तपशील नसतील तो सोडून द्या.

आता तुमचा पहिला प्रश्न, जो खरा महत्त्वाचा आहे. रणगाडा त्याच्या समोर त्या वर्षी जे उभं होतं त्याच्याशी ताडा, पन्नास वर्षांनंतरच्या रणगाड्याशी नको. दर रणगाड्याला दोनच प्रश्न विचारा: माझा गोळा १००० मीटरवरून समोरच्याला पुढून भेदतो का? आणि त्याचा मला?

टायगरवर करून दाखवतो. १९४२ अखेर: टायगरची ८८ मिमी तोफ १००० मीटरवर, ३० अंशांना, सुमारे १०० मिमी भेदते, त्यामुळे समोरचा टी-३४ तिच्या टप्प्यात आहे. टी-३४ची ७६ मिमी तोफ त्याच अंतरावर ६० मिमीच्या आसपास भेदते, आणि टायगरची पुढची पाटी जवळपास उभी, १०० मिमीची. म्हणजे एक 'हो', एक 'नाही', आणि मधे भलंमोठं अंतर. १९४४: समोर टी-३४-८५, १२२ मिमी तोफेचा आयएस-२, आणि १७ पौंडर ही ताकदवान ब्रिटिश तोफ बसवलेला शर्मन फायरफ्लाय. टायगर तोच, पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता 'हो' कडे सरकलं. टायगरचे गुण १९४२ला ९ आणि १९४४ला ६ दिलेत तर ते मुलांना लगेच पटेल.

'एका टायगरला पाच शर्मन' हे वाक्य मात्र तक्त्यावर येऊ देऊ नका. अमेरिकन प्लॅटूनमध्ये (छोट्या तुकडीत) पाच रणगाडे असत आणि ते एकत्रच निघत. तो पाचाचा आकडा नुकसानीचा नाही.

फिरता_टरेट:
हे फारच उपयोगी आहे, दोघांचे आभार. मग मार्क १चं काय? त्याच्यासमोर रणगाडाच नव्हता.

बारूदखाना:
त्याच्यासमोर काटेरी तार, खंदक आणि मशीनगन होत्या, त्यांच्याशीच ताडा. सुमारे साडेतीन मीटर रुंदीचा खंदक तो ओलांडत असे, तार चिरडत असे आणि ६ ते १२ मिमी चिलखतावर साधी गोळी झेलत असे. पुढे जर्मनांनी खंदक रुंद केले आणि चिलखतभेदी गोळ्या वाटल्या, तो त्याच्या समोरचा बदल. १५ सप्टेंबर १९१६ला, पहिल्याच लढाईत, ४९ पैकी ३२च रणगाडे सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचले. हा आकडा नक्की घ्या. आठ माणसांपैकी चौघं नुसतं चालवण्यात गुंतलेली असत.

गिअरपेटी:
'वेग' हा रकाना काढून टाका, असं माझं स्पष्ट मत आहे. सर्वाधिक वेग सपाट पक्क्या रस्त्यावरचा असतो आणि लढाईत तो फारसा कुठे लागत नाही. त्याऐवजी दोन आकडे घ्या.

पहिला, टनामागे अश्वशक्ती. मार्क १: १०५ ÷ २८, म्हणजे पावणेचारच्या आसपास. टी-३४: ५०० ÷ २६.५ = १८.९. टायगर: ७०० ÷ ५७ = १२.३. सेंच्युरियन: ६५० ÷ ५१ = १२.७. टी-५५: ५८० ÷ ३६ = १६.१. टी-७२एम१: ७८० ÷ ४१.५ = १८.८. अर्जुन मार्क १: १४०० ÷ ५८.५ = २३.९.

दुसरा, जमिनीवरचा दाब. वजन किलोत घ्या आणि त्याला (२ × ट्रॅकची, म्हणजे साखळीपट्ट्याची, रुंदी × जमिनीला टेकलेली लांबी) सेंटिमीटरमध्ये काढून भागा. टायगर: ५७००० ÷ (२ × ७२.५ × ३६०) = सुमारे १.०९ किलो प्रति चौ. सेंमी. सुरुवातीचा टी-३४, ५५ सेंमी ट्रॅकचा: सुमारे ०.६५. चिखलात कोण रुतणार हे यातून कळतं. टायगर रेल्वेवर चढवताना ५२ सेंमीचे अरुंद ट्रॅक लावत. ते धरून गणित केलंत तर दाब दीडच्या वर जातो, म्हणून रुंदी लढाईच्या ट्रॅकचीच घ्या. एक बारकावा: टायगरची चाकं एकमेकांत गुंफलेली असल्याने वजन ट्रॅकवर जास्त सारखं पसरतं, म्हणून प्रत्यक्षात तो या आकड्यापेक्षा बरा चालतो. त्याची किंमत दुरुस्तीत मोजावी लागे. आतल्या रांगेतलं एक रबरी चाक बदलायला आधी बाहेरची कितीतरी चाकं उतरवायची, आणि रशियाच्या थंडीत चाकांमधला चिखल रात्रीत गोठला की सकाळी गाडी हलायची नाही.

भरवसा हा चौथा रकाना घ्याच. युद्धानंतर फ्रेंच सैन्याने जर्मन पँथर रणगाडे वापरले. त्यांच्या अहवालात पँथरच्या फायनल ड्राइव्हचं (ट्रॅकला ताकद पोचवणाऱ्या शेवटच्या गिअरांचं) सरासरी आयुष्य १५० किमी दिलंय. ४५ टनांच्या गाडीला साध्या दात्यांचे गिअर, तेही अपुऱ्या दर्जाच्या पोलादाचे. कागदावरचा पँथर आणि रस्त्याकडेला बंद पडलेला पँथर यांतला फरक एवढ्या एका भागाचा आहे.

जमल्यास रिव्हर्सचा वेगही घ्या. टी-७२ मागे ताशी जेमतेम ४ किमीने सरकतो, जर्मन लेपर्ड-२ सुमारे ३१ने. गोळा टाकून आडोशामागे परतायचं असेल तर हा फरक जिवावरचा आहे.

टेकडीआड:
सगळ्यांनी तोफ-चिलखत-इंजिन सांगितलं, पण नळी खाली किती झुकते हे राहिलं. सेंच्युरियन आणि शर्मनची नळी १० अंश खाली झुकते, टी-५५ची ५, टी-७२ची सुमारे ६. कारण टरेटच्या (तोफ बसवलेल्या फिरत्या बुरुजाच्या) छतात आहे. नळीचं तोंड खाली गेलं की तोफेची आतली बाजू वर उचलते. सोव्हिएत टरेट बुटकं, त्यामुळे ती छताला लवकर टेकते. बदल्यात टी-५५ची उंची २.४ मीटर आणि सेंच्युरियनची ३ मीटरच्या आसपास. मोकळ्या सपाट मैदानात बुटका फायद्यात. पण टेकडीच्या माथ्यामागे उभं राहून खाली मारा करायचा तर सेंच्युरियन फक्त टरेट दाखवतो, आणि टी-५५ला अर्धं अंग बाहेर काढावं लागतं. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धात गोलन टेकड्यांवर इस्रायली सेंच्युरियन तयार चढांवर उभे राहून खालून येणाऱ्या सीरियन टी-५५ आणि टी-६२ वर मारा करत होते. तिथे या पाच अंशांचं मोल दिसलं.

टरेटमध्ये माणसं किती हाही आकडा घ्या. १९४१च्या टी-३४त कमांडर स्वतःच तोफ चालवायचा. नेम धरताना बाकीचं रणांगण त्याला दिसतच नसे. टी-३४-८५मध्ये टरेटात तिसरा माणूस आला. माझ्या मते ८५ मिमी तोफेइतकीच ती सुधारणा मोठी आहे.

तक्त्यात एक लढाई घालायची असेल तर १९६५च्या भारत-पाकिस्तान युद्धातलं असल उत्तर घ्या, कारण तिथे कागदावरचा वरचढ रणगाडा हरला. पाकिस्तानकडच्या अमेरिकन पॅटन एम-४८ला ९० मिमी तोफ, अंतर मोजणारी दुहेरी दुर्बीण आणि यांत्रिक गणकयंत्र होतं. लांब पल्ल्याला हे सगळं भारी, पण वापरायला पक्कं प्रशिक्षण लागतं. उभ्या उसात शंभर-दोनशे मीटरवर त्याचा उपयोग शून्य. त्यात कालव्याचं पाणी सोडल्याने शेतं दलदलीची झालेली, आणि दबा धरून बसलेले भारतीय सेंच्युरियन, शर्मन आणि जीपवरच्या १०६ मिमी तोफा कडेने मारा करत होत्या. पुढून भक्कम असलेल्या पॅटनची बाजू तितकी भक्कम नव्हती.

उतारकोन:
म्युझियमसाठी. पॅटन दिसला की पुढच्या उतारावर बघा. तिथे मशीनगन बसवायची गोल जागा असेल तर तो एम-४७, पाच माणसांचा. नसेल आणि पुढचा भाग होडीच्या नाळेसारखा गोलसर ओतलेला असेल तर एम-४८, चार माणसांचा. टी-५५ कुठे भेटला तर धूर बाहेर खेचणारा फुगीर भाग नळीच्या अगदी टोकाशी दिसेल, टी-६२ला तोच बराच मागे. मुलांना सेंच्युरियन आणि भारतात बनलेला विजयंता रणगाडा शेजारी ठेवून पाहायला सांगा. विजयंताची १०५ मिमी तोफ पुढच्या सेंच्युरियनांवरही होती, पण विजयंता दहाएक टनांनी हलका, म्हणजे वजन वाचवलं ते चिलखतात. हातात कोनमापक आणि दोऱ्याला बांधलेलं वजन द्या. पाटीवर कोनमापक टेकवला की दोरा उभ्यापासूनचा कोन दाखवतो. हात लावायची परवानगी मात्र आधी घ्या.

फिरता_टरेट:
आता रकाने असे ठरवले: मॉडेल व वर्ष, त्या वर्षीचा प्रतिस्पर्धी, माझा गोळा-त्याचा गोळा (हो/नाही), टनामागे अश्वशक्ती, जमिनीवरचा दाब, नळीचा झुकाव, टरेटातली माणसं, भरवसा. अर्जुनसमोर प्रतिस्पर्धी कोण लिहू?

गिअरपेटी:
अर्जुन युद्धात उतरलेला नाही, तो चौकोन रिकामा ठेवा. त्याची तुलना टी-७२शी करा, दोघेही आपल्याच सैन्यात आहेत. टी-७२मध्ये तीन माणसं, गोळे पायाखालच्या गोल फिरत्या चकतीत २२, आणि यंत्र गोळा भरतं. अर्जुनमध्ये चार माणसं आणि गोळा हाताने भरायचा. १७ टनांचा फरक पूल आणि रेल्वे वॅगन निवडताना पहिल्यांदा जाणवतो.

छापायच्या आधी वजनं एकदा तपासा. जुन्या ब्रिटिश पुस्तकांतला टन १०१६ किलोचा, अमेरिकन ९०७ किलोचा. शर्मनचं वजन अमेरिकन पुस्तकातून घेतलंत तर ०.९०७ने गुणा, नाहीतर तो सुमारे तीन टनांनी जाड होऊन बसेल आणि अश्वशक्ती-दाब दोन्ही रकाने चुकतील.