हवंसं वाटणं म्हणजेच सुख का?

प्रश्न:
दोन वर्षं पैसे साठवून कॅमेरा घेतला. रोज रात्री त्याचेच व्हिडिओ बघत बसायचे. हातात आला आणि महिन्याभरात कपाटात गेला. काल मात्र जुन्या स्वेटरची उसवलेली बाही घेऊन बसले. निसटलेला एकेक टाका सुईवर उचलताना दोन तास कसे गेले, कळलंच नाही. मग सुख नक्की असतं कशात?

प्रतिसाद १:
ओढ वेगळी, आवड वेगळी. १९५४ मध्ये ओल्ड्स आणि मिल्नर या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले. विजेचा सौम्य झटका मिळवायला उंदीर कळ दाबतच राहिले. तेव्हा वाटलं, सुखाचं केंद्र सापडलं! पुढे मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज यांनी डोपामिन हे मेंदूतलं रसायन जवळजवळ संपलेल्या उंदरांच्या तोंडात साखरपाणी सोडलं. ते मिटक्या मारत होते, पण स्वतःहून खायला उठत नव्हते. म्हणजे आवड शिल्लक होती, ओढ गेली होती. तुमचे ते व्हिडिओ म्हणजे निव्वळ ओढ होती, असं मला वाटतं.

प्रतिसाद २:
पटलं. पण कॅमेऱ्याला दोष देऊ नका हो. बाहीत तुमचे हात गुंतले होते, कॅमेऱ्यात अजून गुंतलेलेच नाहीत. ऑटो मोड बंद करून एकाच खिडकीचा उजेड आठवडाभर टिपून बघा.

प्रश्नकर्ती:
बॅटरी चार्जिंगला लावलीये. उजवी बाही अजून बाकी आहे, ती आधी.