तातडीचं: आईची सीडी, आभा नंबर आणि मदत यादीचं फोल्डर

प्रेषक: प्राजक्ता
मंडळी, मी अजून सिंगापूरला परतले नाही, सांगलीतच आहे. आईला उद्या मिरजेतून घरी सोडणार. अँजिओग्राफीची सीडी हातात दिलीय आणि घरात सीडी चालेल असं काहीच नाही. दवाखान्यासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्याने सीडी आधी स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवली, मग पेनड्राइव्हवर. स्क्रीनवर बघते तर पेशंटांच्या नावांचे फोल्डर ओळीने लावलेले, आडनावासकट. आमच्या गल्लीतलं एक नावही त्यात होतं! आईचं पुसा म्हटलं तर म्हणतो, "राहू दे की ताई, परत लागलं तर?" रिसायकल बिन रिकामी होईपर्यंत तिथेच उभी राहिले.
आता काउंटरवर आभा नंबर मागतायत, तो आरोग्याच्या नोंदींचा सरकारी नंबर. ओटीपी जातोय बाबांच्या बंद पडलेल्या नंबरवर. आभा द्यावाच लागतो का? आणि हे सगळं अरविंदकाकांच्या मदत यादीच्या फोल्डरमध्ये टाकू ना, सगळ्यांच्या घरच्यांच्या गोळ्या-आजार लिहिलेत तिथे? दादाला तिकडून बघायचंय.

प्रेषक: मिलिंद
फोल्डरमध्ये अजिबात टाकू नकोस. त्याची लिंक ज्याच्याकडे असेल त्याला ते उघडतं, लॉगिनही लागत नाही. हे मी मंडळाच्या मागच्या सभेतही बोललो होतो, तेव्हा विषय दिवाळी फराळावर गेला.
आभा सक्तीचा नाही, त्यावाचून उपचार अडत नाहीत. १४ आकडी नंबर आहे, तो काढला म्हणून रिपोर्ट कुठल्या एका सरकारी गोदामात जात नाहीत. ते दवाखान्याकडे किंवा लॅबकडेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरला हवे असतील तर ॲपवर विनंती येते. कुठले, किती दिवसांसाठी, हे आपण ठरवायचं, आणि दिलेली संमती मागेही घेता येते. पण हे सगळं फिरतं मोबाइलवर. म्हणून आधी आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदलून घे, आणि नवा नंबर आईच्याच हातातल्या फोनचा दे. तुझा किंवा भाच्याचा देऊ नकोस.

प्रेषक: नितीन
आभा म्हणजे ते ५ लाखांचं कार्ड ना? सासऱ्यांचं काढायचंय. प्राजक्ता, येताना भडंग आण, दोन किलो.

प्रेषक: मिलिंद
नाही. ते आयुष्मान कार्ड. २०२४च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना मिळतं, उत्पन्नाची अट नाही. आभा हा नुसता नोंदींचा नंबर, त्यात एक रुपया नाही.

प्रेषक: अरविंदकाका
मिलिंदराव, फोल्डर कुणी आणि का केलं ते नवीन मंडळींना ठाऊक नसेल. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. गावभागातल्या आमच्या घरात तळमजल्यावरचं कपाट पाण्याखाली, वडिलांच्या बायपासची फाइल म्हणजे लगदा. तीन दिवसांनी त्यांना इचलकरंजीला भावाकडे नेलं, तर तिथल्या डॉक्टरांना कुठली गोळी किती, हे सांगता येईना. तेव्हा रात्र-रात्र बसून मी यादी केली. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी ती तेव्हा वापरलीय. कागद बुडतो, फोल्डर बुडत नाही. आणि हॅकर काय माझ्या फोल्डरकडे येणार आहे काय ओ? त्याला दुसरे उद्योग नाहीत?

प्रेषक: शैला
काका, हॅकर नाही येत, विहीणबाई येते.
यादीत 'चालू गोळ्या' असा रकाना आहे. माझ्या सासूबाईंच्या ओळीत डिप्रेशनच्या गोळीचं नाव होतं. लिंक कुणीतरी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली, चांगल्याच हेतूने टाकली असेल. माधवनगरला लग्नात एक बाई पंगतीतच विचारत्या झाल्या, "अजून चालू आहेत का हो त्या गोळ्या?" तेव्हापासून सासूबाई डॉक्टरांनासुद्धा त्या गोळीचं सांगत नाहीत. मागच्या महिन्यात दात काढायला गेल्या तेव्हाही लपवलं. मला कळलं ते चिठ्ठी बघून.
हॅकरचंही सांगते. २०१८ साली इथे सिंगापुरात सिंगहेल्थमधून १५ लाख पेशंटांची माहिती चोरीला गेली, त्यात तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांच्या औषधांची नोंदही होती. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले आणि ओपीडी हाताने कागदावर चालवावी लागली. एवढ्या मोठ्यांना माहिती सांभाळणं जमलं नाही तर आपलं काय! पण आपल्या लोकांना त्रास होतो तो ओळखीच्यांचाच.

प्रेषक: नितीन
माधवनगरचं लग्न म्हणजे आपल्या विकासच्या भावाचं? जेवण छान होतं.

प्रेषक: प्राजक्ता
मंडळी, मला उद्या सकाळपर्यंत उत्तर हवंय. दादाला व्हॉट्सॲपवर पाठवू का?

प्रेषक: मिलिंद
पाठव. पण दोघांच्या फोनमध्ये बॅकअपला एन्क्रिप्शन सुरू आहे का ते बघ, ते आपलं आपण सुरू करावं लागतं. नाहीतर वाटेत मेसेज बंद पाकिटातून जातो आणि बॅकअपमध्ये उघडा पडून राहतो. त्यापेक्षा आईच्या नावाने वेगळं खातं काढ, पासवर्ड आणि दुसरी खूण (ओटीपीसारखी) दोन्ही लाव, आणि फोल्डर फक्त दादाच्या ईमेलला दे. पासवर्ड आईच्या डायरीत लिही, देवघरातल्या. खुशाल लिही.
आणि डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नकोस, सगळ्या नोंदींची प्रत माग. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांप्रमाणे मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. भरती पेशंटच्या नोंदी त्यांनी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं तरी जपायच्या असतात. पुढचं आपण जपायचं.

प्रेषक: अरविंदकाका
शैलाताई, पंगतीतलं मला आजच कळतंय, तेव्हाच सांगायचं होतं. यादीची लिंक मी आत्ता बंद केली. आता ज्याला हवं त्याने विनंती पाठवायची, मी बघून मंजूर करीन. पण फोल्डर मंडळाकडे सोपवा वगैरे सूचना कृपया नकोत. कार्यकारिणी दर दोन वर्षांनी बदलते, पासवर्ड कुणाकडे गेला हे कुणाला सांगता येत नाही. गणपतीच्या हिशोबाच्या खात्याचं काय झालं ते आठवा.

प्रेषक: नितीन
काका, विनंती पाठवलीय. मंजूर करा, सासऱ्यांची शुगर बघायचीय.

प्रेषक: शैला
नितीन, सासऱ्यांना फोन कर.

प्रेषक: अरविंदकाका
नितीन, मंजूर करायला गेलो तर सगळ्यांचंच सगळं तुला दिसणार असं दिसतंय. शीट एकच आहे. मिलिंदराव, प्रत्येकाला फक्त त्याच्या घरची ओळ दिसेल असं करता येतं का?

प्रेषक: मिलिंद
एका शीटमध्ये नाही येत, काका. घरटी वेगळी फाइल करावी लागेल. शनिवारी तुमच्याकडे येतो, मालकी तुमच्याच खात्यावर राहू दे. तोवर कुणालाच मंजूर करू नका, नितीनलाही नाही.