मदत हवी आहे: ब्रिटनमध्ये राहून प्रौढांसाठीचे सशुल्क पान सुरू करायचे आहे, पण पासपोर्ट भारतीय आहे

निशिगंध

नमस्कार. मी ३६ वर्षांची आहे आणि गेली नऊ वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. माहेर सातारा जिल्ह्यात आहे. घटस्फोटाला तीन वर्षे झाली, मूलबाळ नाही. इथे कायम वास्तव्याची परवानगी मिळालेली आहे, पण नागरिकत्व घेतलेले नसल्यामुळे पासपोर्ट अजून भारतीयच आहे. दिवसा एका गोदामाच्या हिशेब विभागात नोकरी करते.

ओन्लीफॅन्ससारख्या वर्गणीच्या प्लॅटफॉर्मवर प्रौढांसाठीची छायाचित्रे आणि छोट्या चित्रफिती टाकण्याचे मी ठरवले आहे. त्यात माझ्याशिवाय दुसरे कोणी असणार नाही आणि चेहरा दिसणार नाही. घरभाडे वाढले हे एक कारण आहेच, पण ते एकमेव कारण आहे असे म्हटले तर खोटे होईल. चार वर्षांपासून मी स्वतःची छायाचित्रे स्वतः काढते, प्रकाशाचा अभ्यास करते आणि या कामात माझे मन रमते. हे करावे की करू नये यावर मी वर्षभर विचार केला आहे, त्यामुळे ती चर्चा इथे पुन्हा नको, अशी नम्र विनंती आहे. मला मदत हवी आहे ती पुढच्या पायऱ्यांबद्दल. कोणती गोष्ट आधी करायची, कोणती नंतर, आणि कोणती एकदा चुकली की कधीच दुरुस्त होत नाही, एवढे मला समजून घ्यायचे आहे.

आतापर्यंत वाचून जे कळले ते सांगते, म्हणजे कोणाला तेच पुन्हा लिहावे लागणार नाही. ओन्लीफॅन्स ही कंपनी २०१६ मध्ये लंडनला सुरू झाली. वर्गणीतले वीस टक्के ती ठेवते आणि ऐंशी टक्के आपल्याला देते. महिन्याची वर्गणी ४.९९ ते ४९.९९ डॉलर यांच्या दरम्यान ठेवता येते, किंवा पान विनामूल्यही ठेवता येते. खाते उघडताना सरकारी ओळखपत्र आणि सेल्फी द्यावी लागते. वर्गणीदारांना टोपणनाव दिसते, कंपनीकडे मात्र खरे नाव असते. ऑगस्ट २०२१ मध्ये याच कंपनीने लैंगिक स्वरूपाच्या मजकुरावर बंदी आणत असल्याचे जाहीर केले आणि सहा दिवसांत तो निर्णय मागे घेतला. ज्यांचे घर त्या उत्पन्नावर चालत होते त्यांचे ते सहा दिवस कसे गेले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही, आणि म्हणूनच नोकरी सोडायची नाही हे मी पक्के केले आहे.

गेल्या महिन्यात मी सरावासाठी चाळीसएक छायाचित्रे काढली. खिडकीला पांढरा पडदा लावला, मागची भिंत रिकामी केली, दागिने काढून ठेवले, आणि सगळे नीट झाले असे समजून रात्री ती मोठ्या पडद्यावर पाहायला बसले. एका छायाचित्रात कपाटाच्या आरशात स्वयंपाकघराचे दार आले होते आणि त्या दारामागे टांगलेले कालनिर्णय स्पष्ट दिसत होते. पानावर माझ्याच अक्षरात दूधवाल्याचा हिशेब आणि आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख लिहिलेली होती. चेहरा झाकला की झाले, असे मी तोपर्यंत समजत होते. त्या रात्री सगळी छायाचित्रे पुसून टाकली आणि पुढचे तीन आठवडे कॅमेऱ्याला हात लावला नाही.

त्याच काळात एका एजन्सीने इन्स्टाग्रामवर संपर्क साधला. त्यांनी आठ पानांचा करार पाठवला, आणि त्यात उत्पन्नाचा निम्मा भाग, खात्याचा पासवर्ड आणि माझ्या नावाने वर्गणीदारांशी गप्पा मारण्याचा अधिकार त्यांना द्यायचा होता. करार संपल्यावरही छायाचित्रे वापरण्याची मुभा त्यांच्याकडे राहणार होती. मी नकार दिल्यावर संदेशांची भाषा बदलली. मी सही केलेली नाही, पण मनाला धक्का बसला तो बसलाच.

आता माझे प्रश्न. भारतीय पासपोर्ट असताना इथे राहून हे काम केले, तर भारतात गेल्यावर कायद्याची अडचण येऊ शकते का? आई साताऱ्याला असते, तिच्यासाठी वर्षातून दोनदा जावे लागते, आणि हा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो. दुसरे म्हणजे, इथला कर कसा भरायचा आणि नोकरीच्या ठिकाणी हे उघड होते का? आणि तिसरे म्हणजे, छायाचित्रे फुटलीच, तर पहिल्या दिवशी नेमके काय करायचे? ज्यांनी स्वतः हे काम केले आहे किंवा ज्यांना कायदा माहीत आहे, त्यांनी सविस्तर लिहिले तर उपकार होतील.

सांजवात

निशिगंधताई, मी मँचेस्टरजवळ राहते आणि हे काम तीन वर्षे करते आहे, म्हणून लिहिते. तुम्ही एजन्सीला नकार दिलात ते फार चांगले केले. पासवर्ड आणि हक्क दोन्ही मागणाऱ्या माणसाशी पुढे एक अक्षरही बोलू नका. आलेले संदेश मात्र जपून ठेवा, पुढे धमकी आली तर ते पोलिसांना दाखवता येतील.

सर्वांत आधी वेगळा ईमेल आणि वेगळा फोन नंबर घ्या, कारण ही एक चूक नंतर खरोखरच दुरुस्त होत नाही. प्लॅटफॉर्मच्या आत नवीन माणसाला कोणी सहसा शोधत येत नाही, त्यामुळे जाहिरात बाहेर, म्हणजे रेडिट किंवा एक्स यांसारख्या ठिकाणी करावी लागते. तिथले खाते रोजच्या नंबरावर उघडले, तर तुमच्या नंबराची नोंद ज्यांच्या फोनमध्ये आहे त्यांना ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ म्हणून तेच खाते सुचवले जाऊ शकते. माझ्या बाबतीत ते एका मावसबहिणीपर्यंत पोहोचले. ती शहाणी निघाली आणि गप्प राहिली, पण तिला कळले हे मला कळेपर्यंतचे दोन महिने मी विसरू शकत नाही.

छायाचित्र टाकण्यापूर्वी त्यातली ठिकाणाची नोंद काढून टाका, कारण फोनचा कॅमेरा ती फाइलमध्ये लिहून ठेवतो. आरशाचा धडा तुम्हाला मिळालाच आहे. त्याच नजरेने खिडकीबाहेरचे दृश्य, पार्सलवरचा पत्ता, चहाच्या कपावरचे कंपनीचे नाव आणि अंगावरचे तीळ व व्रण पाहा. मी एकच कोपरा ठरवून टाकला आहे. तिथे राखाडी कापड, एक दिवा आणि एक खुर्ची असते, आणि त्या कोपऱ्याबाहेर कॅमेरा कधीच वळत नाही. त्या खुर्चीत बसलेला माझा एकही घरगुती फोटो कोणाकडे नाही, याचीही खात्री करून घेतली आहे. चित्रफितीत आवाज असेल तर आणखी जपा, कारण चेहऱ्याइतकाच आवाजही ओळखू येतो आणि आपल्या इंग्रजीतला मराठी हेल आपल्याच माणसांना लगेच कळतो.

पैशांबद्दल सांगायचे तर मिळकत सुमारे आठवडाभर प्रलंबित दिसते आणि त्यानंतर काढता येते. कोणी वर्गणी भरून नंतर बँकेकडे तक्रार करून पैसे परत घेतले, तर ती रक्कम आपल्या मिळकतीतून वळती होते, म्हणून हातात आलेला पैसा लगेच खर्च करू नका. मला पहिल्या चार महिन्यांत दिव्याचा आणि कॅमेऱ्याच्या तिपाईचा खर्चही सुटला नव्हता. रोज किमान दीड तास संदेशांना उत्तरे देण्यात जातो, आणि प्रत्यक्षात हे कामाचे सर्वांत थकवणारे अंग आहे. काय करणार नाही याची यादी सुरुवातीलाच कागदावर लिहून ठेवा, कारण रात्री अकरा वाजता जास्त पैशांची विनंती आली की मनात केलेला निश्चय डळमळतो.

इथला कर मात्र सोपा आहे. ६ एप्रिल ते ५ एप्रिल या करवर्षात अशा कामातून खर्च वजा करण्यापूर्वीची एकूण मिळकत १,००० पौंडांच्या वर गेली, तर करवर्ष संपल्यानंतर येणाऱ्या ५ ऑक्टोबरपर्यंत कर विभागाकडे नोंदणी करावी लागते आणि ३१ जानेवारीपर्यंत विवरणपत्र भरावे लागते. तुम्ही हिशेब विभागातच असल्याने यात तुम्हाला जड असे काही नाही. लपवण्याचा विचार करू नका, कारण २०२४ पासून प्लॅटफॉर्मना विक्रेत्यांची माहिती कर विभागाला कळवावी लागते. विवरणपत्राची प्रत मालकाकडे जात नाही. जादा कर नोकरीच्या पगारातून कापून घेण्याचा पर्याय निवडला, तर पगारपत्रकातला टॅक्स कोड, म्हणजे पगारातून किती कर कापायचा हे मालकाला सांगणारा संकेतांक, बदलतो, म्हणून तो पर्याय टाळून रक्कम थेट भरा. नोकरीच्या करारात दुसऱ्या कामाबद्दल काही अट आहे का, तेही वाचा. हे वाचणाऱ्या इतर भगिनींसाठी एक सूचना: कायम वास्तव्याची परवानगी असल्यामुळे निशिगंधताई हे करू शकतात, पण विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे आणि हे काम स्वयंरोजगारच मानले जाते.

मुलुंडकर वकील

मी मुंबईत फौजदारी वकिली करतो. इथे लिहितो तो व्यक्तिगत सल्ला नव्हे, तरीही चित्र स्पष्ट व्हावे म्हणून लिहितो.

भारतात अशी सामग्री खासगीत पाहणे आणि ती प्रसिद्ध करणे यांत कायदा मोठा फरक करतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ६७ प्रमाणे अश्लील सामग्री इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध करणाऱ्यास पहिल्या अपराधाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उघड लैंगिक कृती असलेल्या सामग्रीसाठी कलम ६७अ आहे, आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद व दहा लाखांपर्यंत दंड आहे. अश्लील साहित्याची विक्री व प्रसार यांबद्दलचे भारतीय न्याय संहितेचे कलम २९४ त्याशिवाय आहे. नग्नता म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात सांगितले आणि संपूर्ण चित्राचा हेतू व समकालीन समाजाचे मापदंड पाहायला सांगितले. तथापि त्या निकालातले छायाचित्र वृत्तपत्रात छापलेले होते आणि त्यामागे वर्णद्वेषाविरुद्धचा संदेश होता. पैसे घेऊन दाखवल्या जाणाऱ्या प्रौढ सामग्रीला त्याचा आधार पुरेल, असे मी सांगणार नाही.

तुमचा खरा प्रश्न परदेशातल्या कृतीचा आहे. भारतीय नागरिकाने भारताबाहेर केलेल्या कृत्यालाही न्याय संहिता लागू होते, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७५ त्या कृत्यात भारतातील संगणक किंवा नेटवर्क गुंतले असल्यास लागू होते. म्हणजे कागदावर धोका आहे. दुसऱ्या बाजूला, नागरिकाने परदेशात केलेल्या अपराधाचा खटला चालवायला केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते, मात्र नुसत्या तपासाला ती लागत नाही, आणि त्रास बहुतेक वेळा तपासाच्या पायरीवरच होतो. ही प्रकरणे सहसा कोणाच्या तरी तक्रारीवरून उभी राहतात, आणि माझ्या पाहण्यात तक्रार करणारा बहुधा ओळखीचा माणूस असतो, उदाहरणार्थ पूर्वीचा जोडीदार किंवा भावकीतले कोणी.

म्हणून भारतातून पान दिसणारच नाही अशी सोय पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. प्लॅटफॉर्मवर देशानुसार पान बंद करता येते. व्हीपीएन वापरून ते ओलांडता येते हे खरे, पण भारतात प्रसिद्ध करण्याचा आपला हेतू नव्हता हे दाखवायला पान बंद ठेवल्याची नोंद उपयोगी पडते. त्या नोंदीचे दिनांकासह छायाचित्र काढून ठेवा. भारतात असताना काहीही टाकू नका, संदेशांना उत्तर देऊ नका, खात्यात प्रवेशही करू नका. सुट्टीवर आलो आहोत, दोनच छायाचित्रे टाकली, असे म्हणणाऱ्या अशिलाला माझ्याकडे उत्तर नसते.

सांजवात

फुटण्याबद्दल लिहायचे राहिले. छायाचित्राचे हक्क तुमचे असल्याने चोरलेल्या प्रती काढून टाकण्याची मागणी तुम्ही संकेतस्थळाकडे आणि सर्च इंजिनकडे करू शकता. त्यासाठी मूळ फाइल तारखेसह वेगळ्या डिस्कवर जपा. प्रत्येक छायाचित्रावर टोपणनावाचा वॉटरमार्क अंगावरून जाईल असा टाका, कोपऱ्यातला कापून टाकता येतो. फुटल्याचे कळले की आधी दुवा, दिनांक आणि पडद्याचे छायाचित्र जतन करा, मग तक्रार करा, कारण उलट क्रमाने केले तर पुरावा जातो. संमतीविना खासगी लैंगिक छायाचित्र पसरवणे किंवा तशी धमकी देणे हा इथे गुन्हा आहे. त्यासाठी रिव्हेंज पॉर्न हेल्पलाइन आहे, आणि तिथली माणसे पैशांसाठी हे काम करणाऱ्या बायकांनाही तितक्याच आदराने वागवतात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

निशिगंध

आपणा दोघांचेही मनापासून आभार. वकीलसाहेब, आपले उत्तर वाचून भीती कमी झाली असे म्हणणार नाही, पण ती नेमकी कशाची बाळगायची हे कळले. नागरिकत्वाचा अर्ज मी दोन वर्षे पुढे ढकलत होते. आता तो आधी करावा आणि पान त्यानंतर सुरू करावे, असे वाटू लागले आहे. तोपर्यंत कोपरा ठरवणे, नंबर घेणे आणि सराव करणे एवढेच करीन. कालनिर्णय दारामागून काढून फ्रिजच्या कडेला लावले आहे.

एक शंका उरते. ब्रिटिश नागरिकत्व मिळाले, भारतीय पासपोर्ट परत केला आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर साताऱ्याला गेले, तर कलम ७५ तरीही लागू राहील का?

मुलुंडकर वकील

राहील. ते कलम कोणत्याही राष्ट्रीयत्वाच्या व्यक्तीला लागू आहे, फक्त कृत्यात भारतातला संगणक किंवा नेटवर्क गुंतलेले असावे लागते. नागरिकत्वामुळे सुटते ती न्याय संहितेची नागरिकांसाठीची तरतूद. तेव्हा पासपोर्ट बदलला तरी भारतापुरते पान बंदच ठेवा, आणि ओसीआय कार्ड हे सरकारला रद्द करता येते, हेही लक्षात असू द्या.