पुण्यात वेब डेव्हलपरची नोकरी : लाराव्हेलवर भागेल की जावा / मर्न शिकावं?

रंकाळा_काठ
एमसीएचं शेवटचं वर्ष, कोल्हापूर. पीएचपी आणि त्यावरचं लाराव्हेल फ्रेमवर्क बऱ्यापैकी जमतं, एसक्यूएल कामापुरतं. जूननंतर पुण्यात नोकरी शोधायची आहे. क्लासवाले म्हणतात पीएचपी संपलं, मर्न (मोंगोडीबी, एक्सप्रेस, रिअ‍ॅक्ट, नोड) करा. सीनियर म्हणतात जावाच. हातात चार महिने आहेत. नेमकी मागणी कशाला आहे?

खराडी_बायपास
पीएचपी संपल्याची बातमी दर एक-दोन वर्षांनी येतेच. एकट्या वर्डप्रेसवर जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट चालतात, आणि वर्डप्रेस म्हणजे पीएचपीच. खरा प्रश्न मालक कोण, हा आहे. बँका, विमा, हिंजवडी-खराडीतल्या मोठ्या कंपन्या : जावा, त्यावरचं स्प्रिंग बूट फ्रेमवर्क, ब्राउझरच्या बाजूला अँग्युलर किंवा रिअ‍ॅक्ट. छोट्या एजन्सी : वर्डप्रेस, लाराव्हेल, शॉपिफाय. स्टार्टअप : नोड, रिअ‍ॅक्ट, नेक्स्ट. मर्नला मागणी आहे, पण सगळे क्लास तेच शिकवत असल्याने फ्रेशरांची गर्दीही तिथेच.

क्लासवाल्यांवर विसंबू नका, स्वतः मोजा. जॉब पोर्टलवर पुणे आणि ०–२ वर्षं अनुभव असा फिल्टर लावून ५० जाहिराती पूर्ण वाचा आणि प्रत्येकीतली कौशल्यं एका शीटमध्ये टाका. एकच जागा तीन कन्सल्टन्सी टाकतात, ती एकदाच धरा. ‘जावा’ शोधलं की जावास्क्रिप्टच्या जाहिरातीही घुसतात, त्या वेगळ्या काढा. वर ‘फ्रेशर’ आणि खाली ‘किमान २ वर्षं’ असेल तर खालचं खरं. अँग्युलर, रिअ‍ॅक्ट, व्ह्यू तिन्ही एकत्र मागणारी जाहिरात एचआरने कुठून तरी उचललेली असते, ती सोडून द्या. शेवटी फ्रेमवर्कची नावं विखुरलेली दिसतील; एसक्यूएल, रेस्ट एपीआय आणि गिट मात्र जवळपास प्रत्येक ओळीत.

स्टॅकट्रेस
वरच्याशी सहमत. जावाकडे गेलात तर एक खड्डा सांगतो. स्प्रिंग बूट ३ ला किमान जावा १७ लागतं आणि ‘जावाएक्स’ने सुरू होणारी पर्सिस्टन्स, सर्व्हलेट वगैरे पॅकेजेस आता ‘जकार्ता’ने सुरू होतात. यूट्यूबवरचे बरेच धडे बूट २ वरचे. तो कोड उचलला की इम्पोर्टच लाल होतात, आणि सिक्युरिटीच्या धड्यातला वेबसिक्युरिटीकॉन्फिगररअडॅप्टर हा क्लास तर आता उरलेलाच नाही. धड्याची तारीख नाही, व्हर्जन बघा. रिअ‍ॅक्टचंही तेच : नवा प्रोजेक्ट उभा करून देणारं ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ २०२५ मध्ये अधिकृतपणे बाद झालं, त्याऐवजी व्हीट (Vite) वापरा.

पण चार महिन्यांत शून्यापासून जावा आणि वर रिअ‍ॅक्ट, हे माझ्या मते धड होणार नाही.

रंकाळा_काठ
म्हणजे लाराव्हेलच पक्कं करू? प्रोजेक्ट काय दाखवू? लायब्ररी मॅनेजमेंट केलंय.

खराडी_बायपास
लायब्ररी मॅनेजमेंट प्रत्येक रेझ्युमेत असतं. छोटं दुकान घ्या, पण पैशांचा भाग नीट करा. रेझरपे या ऑनलाइन पेमेंट सेवेचा टेस्ट मोड घ्या आणि वेबहुक लावा. वेबहुक म्हणजे पैसे जमा झाल्याचं रेझरपेच्या सर्व्हरने तुमच्या सर्व्हरला कळवणं. इथे तीन ठिकाणी अडतं :

१) पहिलीच रिक्वेस्ट ४१९ देते. कारण सीएसआरएफ टोकन, म्हणजे रिक्वेस्ट आपल्याच साइटच्या पानावरून आली याची लाराव्हेल मागतं ती खूण. बाहेरच्या सर्व्हरकडे ते कुठून असणार? तेवढा रूट त्या तपासणीतून वगळा, किंवा एपीआय रूटमध्ये ठेवा.

२) वेबहुकसोबत रेझरपे पाठवतं ती सही जुळत नाही. ती आलेल्या मूळ बॉडीवर एचमॅक एसएचए-२५६ ने (गुप्त की घालून काढलेला हॅश) काढलेली असते. तुम्ही जेसन उलगडून परत गुंडाळलंत की पीएचपी ‘/’ च्या आधी ‘\’ घालतं, एक अक्षर बदललं की सही वेगळी. मूळ मजकुरावरच हॅश काढा आणि पीएचपीच्या हॅश-ईक्वल्स फंक्शनने ताडून बघा.

३) एकच वेबहुक दोनदा येतो. इव्हेंट आयडी हेडरमधून घ्या आणि युनिक कॉलममध्ये टाका. दुसऱ्यांदा आला तर स्टॉक कमी न करता नुसतं २०० (म्हणजे ‘मिळालं’) परत करा. चूक म्हणून ५०० पाठवलंत तर तो पुन्हा येत राहील.

‘तोच वेबहुक पुन्हा आला तर?’ हा प्रश्न नोडवाल्यालाही विचारतात आणि जावावाल्यालाही. नीट उत्तर दिलंत तर फ्रेमवर्क कोणतं, याकडे बरेच जण काणाडोळा करतात.

स्टॅकट्रेस
जोडीला ऑर्डरच्या यादीचं पान. ५० ऑर्डर आणि प्रत्येकीचा ग्राहक लूपमध्ये काढलात तर ५१ क्वेरी होतात. सगळे ग्राहक एकदम आणणारं लाराव्हेलचं ‘विथ’ लावलं की दोन. डीबगबारमध्ये (पानामागच्या क्वेरी दाखवणारी पट्टी) आधीचा आणि नंतरचा आकडा बघा आणि रीडमीत लिहा. ऑर्डरच्या टेबलात तारखेवर इंडेक्स लावण्याआधी आणि नंतर ‘एक्सप्लेन’ चालवून किती ओळी तपासल्या जातात तेही बघून ठेवा. एसक्यूएल ‘कामापुरतं’ म्हणालात ना, मुलाखतीत जॉइन कागदावर लिहायला सांगतात.

रंकाळा_काठ
भारी. शेअर्ड होस्टिंगवर टाकलं तर चालेल?

खराडी_बायपास
चालेल, पण डोमेनचा रूट लाराव्हेलच्या ‘पब्लिक’ फोल्डरकडेच वळवा. सगळा प्रोजेक्ट ‘पब्लिक_एचटीएमएल’मध्ये ओतला तर ब्राउझरमधून डॉट-ईएनव्ही फाइल उघडू शकते, आणि त्यात डेटाबेसचा पासवर्ड आणि रेझरपेची की असते. डीबग बंद करायला विसरू नका. ती फाइल गिटहबवर आधीच गेली असेल तर नुसती डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये राहते; कीच बदला.