लेकीला सीलिॲक निघालंय, घरात दोन वेळा पोळ्या... कसं जमवायचं?

रानजाई (नाशिक):

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे वाचनमात्र असते पण आता लिहायची वेळ आलीये. मुलगी दहा वर्षांची, पाचवीत आहे. दोन वर्षं तिची उंची जवळजवळ वाढलीच नाही, हिमोग्लोबिन 8 च्या वर जाईना, लोहाचं सिरप तीनदा बदललं, जंतांचं औषध झालं, "खात नाही नीट" म्हणून माझीच शाळा घेऊन झाली. पोट दुखतं म्हणायची ते आम्हाला शाळेचा कंटाळा वाटायचा (याचं आता फार वाईट वाटतं, पण असो). शेवटी एका नवीन डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करायला लावली, ती नॉर्मलच्या दहापट, मग एंडोस्कोपी, बायॉप्सी आणि निदान सीलिॲक. गहू, जव, राय आयुष्यभर बंद. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आणि पाच मिनिटांत आम्ही बाहेर.

आता पाच आठवडे झाले. तिची पोळी बंद करून ज्वारी, तांदूळ सुरू केलंय, पोटदुखी कमी झालीये पण पूर्ण गेली नाहीये, कुठून तरी गहू जातोय असं वाटतं. आमचं एकत्र कुटुंब, सासूबाई मनाने चांगल्या आहेत पण "एका घासाने काय होतंय" हे वाक्य दिवसातून दोनदा असतं. शाळेचा डबा हा वेगळाच प्रश्न, भाकरी दुपारपर्यंत पापडासारखी होते. आणि पुढच्या महिन्यात घरी सत्यनारायण आहे, प्रसादाचा शिरा तिला द्यायचा नाही म्हटल्यावर काय महाभारत होईल ते मला आत्ताच दिसतंय. ज्यांच्या घरी हे आहे त्यांनी प्लीज सांगा, तुम्ही रोज काय करता?

---

पोटोबा_पुणे:

वेलकम टू द क्लब ताई. मला अकरा वर्षं झाली, निदान झालं तेव्हा मी पस्तिशीचा होतो त्यामुळे लेकीचं लवकर कळलं हे चांगलंच म्हणायचं, उंची भरून निघायला अजून वाव आहे.

पहिला प्रश्न, ज्वारी दळता कुठे? गिरणीत देत असाल तर चोर तिथेच आहे. गव्हाचं दळण काढलं की जात्यात, नळीत, त्या कापडी पिशवीत बरंच पीठ सहज अडकलेलं असतं आणि त्याच्यावर तुमची ज्वारी पडते. आपल्या बायका "बाजरीवर दळू नको रे, पोळ्या काळ्या होतात" म्हणून गिरणीवाल्याशी भांडतात ना, तेच उलट्या बाजूने समजा. मी पहिली आठ महिने ज्वारीची भाकरी खाऊन आजारी होतो, टीटीजी खाली येईना, डॉक्टरांना वाटायचं मी चोरून पाव खातो. घरघंटी घेतली आणि सहा महिन्यांत आकडा खाली आला. घरघंटी घेणार असाल तर तिच्यात गहू कधीही नाही, पाहुणे आले तरी नाही. तोपर्यंत मिक्सरच्या लहान भांड्यात थोडी थोडी ज्वारी दळून चाळून घ्या, भाकरी जरा रवाळ होते पण होते.

दळायच्या आधी ज्वारी ताटात पसरून निवडा. सुट्या ज्वारीत गव्हाचे दाणे असतातच, मी किलोमागे पाच-सहा तर नेहमी काढतो.

दुसरा चोर हिंग. डबी उलटी करून वाचा, बहुतेक बांधानी हिंगात मैदा असतो. शुद्ध हिंग हा झाडाचा डिंक, त्यात काही नाही, पण तो इतका उग्र की मैद्यात नाहीतर तांदळाच्या पिठात मुरवून विकतात. तांदळाच्या पिठातला मिळतो, शोधा. म्हणजे बघा, आमटी-भात देतोय, गहू कुठेच नाही म्हणून तुम्ही निर्धास्त आणि फोडणीतूनच रोज चिमूटभर जातोय. गोडा मसाला, लोणचं, पापड, सगळीकडे हिंग आहे.

बाकी घरातले चोर पटकन सांगतो: मेतकूट (गहू असतो), थालीपिठाची तयार भाजणी (बहुतेकदा गहू असतो), सातूचं पीठ, सोया सॉस, दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी (माल्ट म्हणजे मोडवलेले जव), आणि ज्या तेलात करंज्या तळल्या ते तेल. लाकडी पोळपाट-लाटणं तिचं वेगळं. तवाही वेगळा घ्या, लोखंडी तव्याला पोळीचं पीठ जळून चिकटलेलं असतं ते घासून जात नाही.

---

मातीतला_माणूस:

एवढं घाबरायचं कारण नाही. हे सगळं हायब्रीड गव्हामुळे झालंय. मुलीला आपला जुना खपली गहू सुरू करा, आमच्या ओळखीत एकाचं पोट खपलीने एकदम सुधारलं. पूर्वी कुठे होतं हे ग्लुटेन वगैरे.

---

आहारवाली:

@मातीतला_माणूस, प्लीज, कळकळीने सांगते, हे लिहू नका. खपली चविष्ट आहे, खीर तर अप्रतिम होते, पण तो गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन (गहू, जव, राय यांतलं प्रथिन) आहे. सीलिॲकवाल्याला खपली, बन्सी, लोकवन सगळं एकच. तुमच्या ओळखीतल्यांना सीलिॲक नसेल, त्यांचं पोट नुसतं जड होत असेल, ती गोष्ट वेगळी. रानजाईंच्या मुलीची ॲलर्जीही नाही आणि पचनाची कुरबुरही नाही, ग्लुटेन आत गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या आत बारीक बोटांसारखी लव असते जिच्यातून अन्नरस शोषला जातो, ती झिजून सपाट होते, म्हणून तर लोहाची बाटलीच्या बाटली संपली तरी हिमोग्लोबिन हलत नव्हतं. आणि पूर्वीही होतं हो, फक्त "मूल अंगी लागत नाही" एवढंच म्हणायचे.

रानजाई, मी आहारतज्ज्ञ आहे, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर दोन गोष्टी विचारून घ्या. एक, लोहाबरोबर बी12, फॉलिक ॲसिड आणि डी जीवनसत्त्व तपासलंय का. दोन, घरातल्या सख्ख्यांची, म्हणजे आईवडील आणि भावंडांची टीटीजी करून घ्या, काही त्रास नसला तरी. रक्ताच्या जवळच्या नात्यात साधारण दहात एकाला निघतं. आणि सुरुवातीला दूधही बाधू शकतं कारण दुधातली साखर पचवणारं विकर त्या लवेतच असतं, लव भरून आली की बहुतेकांचं दूध परत सुरू होतं, तेव्हा उरलेली पोटदुखी त्याचीही असू शकते. दही-ताक देऊन बघा.

अजून एक, "ग्लुटेन फ्री" लिहिलेली महाग बिस्किटं म्हणजे पौष्टिक असा अर्थ नाही, बरेचदा नुसता स्टार्च आणि साखर असते. त्यापेक्षा नाचणी, राजगिरा, शेंगदाणे, अंडं चालत असेल तर अंडं. लेबल वाचायचं तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किलोला 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असेल तरच "ग्लुटेन फ्री" लिहिता येतं. सासूबाईंच्या घासाचं गणित त्यावरूनच करा, पोळीच्या एका घासात याच्या कितीतरी पट जातं.

---

झब्बू:

धागा हायजॅक करतोय, सॉरी. मला पण पोळी खाल्ली की पोट फुगतं, महिनाभर गहू सोडलाय आणि मस्त वाटतंय. मी पण ती टीटीजी करून टाकू का?

---

आहारवाली:

@झब्बू, गहू सोडून केली तर आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते आणि तुम्ही आयुष्यभर अंधारात. टेस्ट गहू खात असतानाच करायची असते. डॉक्टरांना विचारून काही आठवडे पोळी परत सुरू करा आणि मग करा. निगेटिव्ह आली तर दोष ग्लुटेनचा नसून गव्हातल्या फ्रुक्टान नावाच्या कर्बोदकाचा असू शकतो, तो कांद्या-लसणातही असतो. कांदाभजी खाऊन फुगतं का तेही बघून ठेवा :)

---

झब्बू:

फुगतं :(

---

सोलापुरी_आजी:

बाळा रानजाई, भाकरी पापडासारखी होते म्हणजे पीठ जुनं आहे नाहीतर उकड नीट बसली नाही. ज्वारीचं पीठ आठ दिवसांच्या वर ठेवू नये, विरी जाते, मग थापताना कडा फाटतात आणि भाकरी वाळते. ज्वारी मालदांडी घे, आमच्या मंगळवेढ्याची मिळाली तर बघायलाच नको. डब्यासाठी थापायच्या भाकरीचा नाद सोड आणि उकडीची कर. जेवढं पीठ तेवढंच पाणी, पाण्यात मीठ आणि चमचाभर तूप, आधण खळखळलं की गॅस बारीक करून पीठ घालायचं, उलथण्याच्या दांड्याने हलवून झाकण ठेवायचं, दोन मिनिटं वाफ आणि मग गरम असतानाच हाताला पाणी लावून भरपूर मळायचं. चांगलं मळलंस की पोळीसारखी लाटता येते, लावायला तांदळाची पिठी घे (गव्हाचं पीठ घेऊ नकोस गं, सवयीने हात जातो). तव्यावरनं काढली की लगेच फडक्यात गुंडाळायची. दुपारपर्यंत मऊ राहते, भाजीचा रोल करून दे, पोरांना ते रोलच आवडतात.

भाजणी घरी कर. दोन वाट्या ज्वारी, एक वाटी तांदूळ, एक वाटी हरभराडाळ, अर्धी वाटी उडीदडाळ, पाव वाटी धणे, सगळं वेगवेगळं खमंग भाजायचं. गहू नाही म्हणून थालीपिठाचं काही अडत नाही. आंबोळी, घावन, धिरडी, उकडशेंगोळे हे तर आपलंच आहे. शेंगोळ्यात मात्र कुळथाच्या पिठाबरोबर काही जणी कणीक घालतात, तू ज्वारी घाल.

आणि सासूला सांग, अनारसे, चकली, बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा, उकडीचे मोदक यात कुठे गहू लागतो? (चकलीच्या भाजणीत घातला नाही म्हणजे झालं.) करंजी आणि शंकरपाळी एवढीच काय ती पोरीची जातात. एवढ्यासाठी सण अडत नाही.

---

डच_डोसा (उट्रेख्त):

आजींची उकड आजच करून बघणार! माझ्या मुलाला सीलिॲक आहे, आम्ही नेदरलँड्समध्ये. इथे सुपरमार्केटात ग्लुटेनव्रेय (म्हणजे ग्लुटेन फ्री) म्हणून वेगळं कपाट असतं, पाव, पास्ता सगळं मिळतं पण ज्वारीच्या पिठासाठी भारतीय दुकानातच जावं लागतं आणि तिथे पाकिटावर "गव्हाचा अंश असू शकतो" लिहिलेलं, म्हणजे ज्वारी असून उपाशी. शेवटी मीही मिक्सरवरच आले.

सासूबाईंना पटवायला गोष्ट हवी असेल तर ही सांगा. हे गव्हामुळे होतं हे सिद्ध करणारा माणूस इथलाच, विलेम डिके नावाचा मुलांचा डॉक्टर. त्याला आधीपासून शंका होती. मग 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे इथे दुष्काळ पडला, लोक ट्युलिपचे कंद खाऊन जगले, पाव मिळेना. त्या काळात या आजाराची मुलं सुधारली आणि पाव परत आला तशी परत आजारी पडली. 1950 मध्ये त्याने इथल्याच विद्यापीठात यावर प्रबंध दिला. मी माझ्या आईला ही गोष्ट फोनवर सांगितली तर म्हणाली, अगं कंद खाण्यापेक्षा भाकरी बरी की. तेव्हापासून एक घासवालं वाक्य बंद आहे.

---

पोटोबा_पुणे:

बाहेर खाण्याबद्दल राहिलं. माझा फंडा सोपा आहे, उपवासाचं मागायचं. उपवासाच्या ताटात गहू नाही, हिंगसुद्धा नाही, आख्ख्या महाराष्ट्रात ग्लुटेन फ्री म्हणजे काय ते कुणाला कळत नाही पण "उपवास आहे" सगळ्यांना कळतं. साबुदाणा खिचडी, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याची चिक्की. टपरीवाला मला म्हणतो, काका तुम्ही फार धार्मिक. वडे मात्र विचारून, सामोश्याच्या कढईत तळतात. इडली चालते, सांबार नाही (हिंग!), रवा डोसा-उपमा तर अर्थातच नाही. रोज साबुदाणा हे काही जेवण नव्हे हे आहारवाली म्हणायच्या आत मीच म्हणतो.

---

कथेकरी:

सत्यनारायणाचं मी सांगतो, गावाकडे पूजा सांगायला जातो. पहिल्याच अध्यायात प्रसादाचं साहित्य आहे, केळं, तूप, दूध, गव्हाचा रवा, आणि लगेच पुढे म्हटलंय की गहू नसेल तर तांदळाचं पीठ घ्या, साखर नसेल तर गूळ चालेल. म्हणजे तांदळाच्या रव्याचा शिरा हा शास्त्राने दिलेला पर्याय आहे, कुणी काही बोलूच शकत नाही. तांदूळ धुऊन सुकवून जाडसर काढा, तुपात नीट भाजा, दूध थोडं जास्त लागतं. सगळ्यांना तोच प्रसाद करा, वेगळी वाटी कशाला.

---

रानजाई (नाशिक):

सगळ्यांचे खूप खूप आभार, उत्तर द्यायला तीन आठवडे लागले कारण इकडे बरंच काही घडलंय.

हिंगात मैदा निघाला. ज्वारी गिरणीतलीच होती. दोन्ही बदललं आणि दहा दिवसांत पोटदुखी गेली. दूध थोडे दिवस बंद करून ताक देतेय. आजी, रोल हिट आहेत, आता तिची मैत्रीण डबा बदलून मागते आणि आमची लेक तिला रोल देते पण तिची पोळी घेत नाही, स्वतःहून! सत्यनारायणाला तांदळाच्या रव्याचा शिरा केला. सासूबाईंनी आधी गुरुजींना फोन करून खात्री करून घेतली, गुरुजी हो म्हणाले तेव्हाच तांदूळ धुतले.

आणि आहारवाली, तुम्ही सांगितलं म्हणून घरातल्या सगळ्यांच्या टेस्ट केल्या. माझी आणि धाकट्याची निगेटिव्ह. नवऱ्याची पॉझिटिव्ह. याला आयुष्यात कधी काही झालं नाही, फक्त तोंड येतं आणि थकतो, आम्ही ऑफिसवर ढकलायचो. पुढच्या गुरुवारी एंडोस्कोपी आहे आणि तोवर पोळी सोडायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, त्यामुळे हा माणूस सध्या गॅलरीत पेपर अंथरून पोळी खातो आणि लेक दारात उभी राहून कण सांडले का ते बघते.

सासूबाई त्या दिवसापासून गप्प होत्या. काल दुपारी बघितलं तर चष्मा लावून ताटात ज्वारी निवडत बसल्या होत्या, बाजूला वाटीत सात गव्हाचे दाणे.

घरघंटी घ्यायचं ठरलंय. पोटोबा, तुमची किती किलोची आहे आणि आवाज फार येतो का? खाली घरमालक राहतात.