डी ड्राइव्ह: साफसफाई की सरळ फॉरमॅट?

खटपट्या: घरच्या डेस्कटॉपला १ टीबीची हार्ड डिस्क, सी आणि डी असे दोन भाग. डी वर गाणी, लग्नाचे व्हिडिओ, जुन्या गेम्सचे सेटअप आणि 'न्यू फोल्डर (३)'च्या पोटात आणखी एक न्यू फोल्डर. साधा फोल्डर उघडायचा तरी गोल चाक फिरत बसतं. एकेक फाइल चाळत कोण बसणार? कामाचं तेवढं बाहेर काढायचं आणि डी ला फॉरमॅट मारायचा. विंडोज सी वर आहे, त्याला धक्काही लागत नाही. लोक उगाच घाबरतात.

आडमुठा: 'कामाचं तेवढं' इथेच तर घोळ होतो. डॉक्युमेंट्सचं लोकेशन कधीतरी डी वर हलवलेलं असतं, टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा तिथेच पडलेला असतो, दोनचार प्रोग्रामही तिथेच टाकलेले असतात. मग सी वरचे शॉर्टकट नुसते शोभेला. आणि चाक फिरतंय म्हणजे गर्दीच झालीय कशावरून? डिस्कच मरायला टेकली असेल. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, 'करंट पेंडिंग सेक्टर'पुढचा, म्हणजे डिस्कच्या वाचताना अडणाऱ्या तुकड्यांचा, आकडा बघा. शून्याच्या वर असेल तर फॉरमॅटचं नाव काढू नका, आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर.

खटपट्या: फुल फॉरमॅटमध्ये बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कचे खराब तुकडे, बाजूला काढले जातातच की!

आडमुठा: काढले जातात, पण म्हणून डिस्क बरी होत नाही. आज चार निघाले, महिन्याने चाळीस निघतील. अशा डिस्कवर लग्नाचे व्हिडिओ ठेवणार?

टोमणेबहाद्दर: फॉरमॅट क्विक मारायचा की फुल, ते दोघेही बोलत नाही आहात. क्विकमध्ये फक्त फाइलींची नवी, कोरी यादी तयार होते, जुना डेटा त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच असतो. रेकुव्हासारख्या फुकट सॉफ्टवेअरने बराचसा परत येतो. व्हिस्टापासून फुल फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो, म्हणून तासन्‌तास चालतो. पीसी विकायचा असेल तर फुल, घरीच वापरायचा तर क्विक पुरे. एसएसडीवाल्यांनी मात्र 'क्विकच केलंय, परत मिळेल' या भरवशावर राहू नये. तिथे विंडोज ट्रिम कमांड पाठवतं, म्हणजे 'हा डेटा आता नको' असं डिस्कला कळवतं, मग रेकुव्हाच्या हाती बहुधा काही लागत नाही.

आडमुठा: अजून एक. पेनड्राइव्हवरून विंडोज सेटअप चालू करून तिथून फॉरमॅट मारणार असाल तर सी-डी या अक्षरांवर जाऊ नका, तिथे अक्षरं दिसतातच असं नाही आणि बदलूही शकतात. आधीच डी ला 'गाणी-फोटो' असं ठळक नाव द्या, साइज लिहून ठेवा, मगच हात लावा.

खटपट्या: सेटअप कशाला, धिस पीसीमध्ये राइट क्लिक करून होतंय. आकडा बघतो. शून्य निघाला तर रविवारी फॉरमॅट मारणारच, व्हिडिओ तेवढे सी वर टाकून ठेवतो बॅकअपला.

टोमणेबहाद्दर: सी आणि डी एकाच डिस्कवर आहेत, साहेब. याला बॅकअप म्हणत नाहीत.