संध्याकाळी पाचची भूक: दुकानातल्या पुडीऐवजी पोरांना काय देऊन ठेवावं?

आचऱ्याची सून

नमस्कार मंडळी. मालवण तालुक्यात आचऱ्याला राहते. काजूच्या कारखान्यात सोलणीला जाते. सकाळी साडेआठची एसटी धरते, घरी यायला सहा वाजून जातात. मुलगा पाचवीत, मुलगी दुसरीत. घरी सासूबाई असतात, पण त्यांचे गुडघे पार गेलेत, ओट्यापुढे फार वेळ उभं राहवत नाही. नवरा बोटीवर, त्याच्या येण्याजाण्याला नेम नाही.

दोन वेळच्या जेवणाची मला काळजी नाही. भात, आमटी, माशाचं तिखलं, एखादी भाजी, पोरं नीट जेवतात. दुपारी शाळेत खिचडी किंवा उसळ मिळते. अडतं ते संध्याकाळी. पाचला शाळेतून येतात ती भुकेने कावलेलीच. दप्तर टाकलं की आजीपुढे हात. त्या दहा-वीस रुपये देतात आणि नाक्यावरून कुरकुऱ्यांच्या पुड्या, क्रीमची बिस्किटं, कधी कपातले नूडल्स येतात, वर एखादी रंगीत सरबताची बाटली. मी येते तोवर पोटं भरलेली असतात. मग आठला पानावर बसवलं की नुसता भात चिवडत बसायचं. मुलीला आता पोट साफ न होण्याचा त्रास सुरू झालाय. डॉक्टरांनी औषध दिलं आणि बाहेरच्या पुड्या थांबवा, भाजी, फळं, पाणी वाढवा असं सांगितलं.

सासूबाईंना बोलावंसं मला वाटत नाही. जीव आहे त्यांचा पोरांवर. म्हणतात, "उपाशी कशी ठेवतलंय गो पोरांक? माका उठून काय करूक जमणा नाय." खरंच आहे ते.

तर असं काय करून ठेवता येईल की गॅसपुढे उभं न राहता पोरांच्या हाताला लागेल? यूट्यूबवर बघावं तर सगळीकडे ओट्स, चिया आणि पीनट बटर. आमच्या आठवडी बाजारात मिळतं त्यातलं सांगा. आणि दुकानात 'मल्टिग्रेन', 'भाजलेले, तळलेले नाही' असं लिहिलेल्या पुड्या असतात, त्या तरी बऱ्या का? सासूबाईंशी हा विषय कसा काढू तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

देवगडची काकी

बाय, मी देवगड तालुक्यातल्या एका शाळेत पोषण आहार शिजवते. पोरांची भूक रोज डोळ्यांनी बघते, म्हणून लगेच लिहायला बसले.

आधी एक सांगते. पाच वाजता पोरांना भूक लागते यात वाईट काहीच नाही. वाढतं अंग आहे, दुपारी जेवलेलं खेळून जिरलेलं असतं. तेव्हा "थांब, आठला जेव" म्हणू नकोस, ते त्यांना जमणारच नाही. पुडी चांगली लागते हे खरं, पण ती घरात येते मुख्यतः तयार मिळते म्हणून. आपल्या घरात नाचणी, कुळीथ, पोहे, खोबरं, चवळी सगळं असतं, फक्त पाच वाजता ते पिठाच्या नाहीतर धान्याच्या रूपात डब्यात बसलेलं असतं. तेवढं पुढे आणून ठेवलंस की अर्धं काम झालं.

सगळ्यात सोपे दडपे पोहे. सकाळी नारळ खवतेसच, त्यातलं दोन मुठी खोबरं डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेव. बाहेर ठेवू नकोस, आपल्या हवेत ओलं खोबरं संध्याकाळपर्यंत आंबतं. मोहरी, हिंग आणि मिरचीची फोडणी सकाळीच करून वाटीत झाकून ठेव. पाच वाजता आजीने खुर्चीत बसूनच पातळ पोहे, खोबरं, बारीक चिरलेला कांदा, मीठ, किंचित साखर आणि लिंबू एकत्र कालवायचं, फोडणी ओतायची आणि वर ताट दडपून दहा मिनिटं ठेवायचं. कांद्या-खोबऱ्याच्या ओलाव्यानेच पोहे मऊ होतात. कोरडे वाटले तर नारळाच्या पाण्याचा हबका मारायचा. तुझा झील पाचवीत आहे ना, त्यालाच कालवायला शिकव. आपल्या हाताने कालवलेलं पोर टाकत नाही, हे मी शाळेत कितीदा बघितलंय.

दुसरं म्हणजे कडधान्य. चवळी, मूग, नाहीतर हरभरे रात्री भिजत घाल आणि सकाळी भाताच्या कुकरमध्येच वरच्या डब्यात शिजव. वेगळा गॅस लागत नाही. मीठ लावून, वर थोडं खोबरं भुरभुरवून वाटीत ठेवले की पोरं येता-जाता तोंडात टाकतात. मुलीच्या तक्रारीलाही या सालीसकटच्या दाण्यांचा उपयोग होईल, फक्त सोबत पाणी भरपूर पाज. आणि औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय मधेच सोडू नकोस.

नाचणीचं तर मी किती सांगू! शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तेवढ्याच दुधात साधारण १२० असतं. रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, खडखडीत वाळवून मंद आचेवर भाजून दळून आणायची. सकाळी चहाबरोबरच तिची आंबील शिजवून ठेवलीस तर संध्याकाळी त्यात ताक आणि मीठ घातलं की पेलाभर पोटात जाते. त्याच पिठाचे गूळ घालून लाडू कर, पण लाडू एकच द्यायचा.

बाकी हंगाम बघ. थंडीत बाजारात करांदे, कणगी, रताळी येतात, मिठाच्या पाण्यात उकडून ठेवली की सोलून खायला पोरांना मजा वाटते. मे महिन्यातल्या फणसाच्या आठळ्या धुऊन, सुकवून, मातीत घालून ठेवायच्या, पावसात उकडायला होतात. केळीचा घड तर माजघरात टांगलेलाच असू दे.

आता सासूबाई. "तुम्ही पुड्यांना पैसे देता" असं चुकूनही म्हणू नकोस. त्यांना विचार, "आई, तुमची पोरं शाळेतून आली की तुम्ही काय द्यायचात?" आणि त्या जे सांगतील त्याने सुरुवात कर, मग ते माझ्या यादीत नसलं तरी चालेल. ते त्यांचं असेल, म्हणजे त्या मनापासून देतील.

गुहागरचा दुकानदार

ताई, माझं किराणा दुकान आहे, म्हणून पुड्यांचं मी सांगतो. पुड्यांच्या लड्या दुकानाच्या तोंडाशी, बरोबर पोरांच्या नजरेच्या उंचीवर लटकवलेल्या असतात. पोराला आत यावंच लागत नाही. मी माझ्याकडे ती जागा बदलली. समोर भाजलेले चणे, शेंगदाणे, चुरमुरे आणि चिक्कीच्या बरण्या ठेवल्या, लड्या मागे नेल्या. पाच रुपयांचे चणे मागणारी पोरं आता रोज येतात. तुमच्या नाक्यावरच्या दुकानदाराला एकदा सांगून बघा. गावातलाच माणूस असणार, ऐकेल.

'मल्टिग्रेन' या शब्दावर जाऊ नका. पुडी उलटी करून घटकांची यादी वाचा. कायद्याने ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, म्हणजे ज्याचं नाव पहिलं तो पदार्थ सगळ्यात जास्त. पहिलं नाव मैदा, दुसरं पामतेल आणि नाचणी शेवटाला कुठेतरी दोन टक्के, असं असेल तर ती मैद्याचीच पुडी. मीठ बघायचं तर सोडियमचा आकडा घ्या आणि अडीचने गुणा. शंभर ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल तर ते २ ग्रॅम मीठ झालं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, पोरांना त्याहून कमी. आणि आकडे शंभर ग्रॅमचे आहेत की पुडीचे, तेवढं नीट बघा, तिथेच फसायला होतं.

अजून एक. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे, जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत. तुमचा नाका तेवढ्या अंतरात येत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा. पालक म्हणून तो तुमचा हक्क आहे.

रत्नागिरीची ताई

आहारशास्त्र शिकवते म्हणून थोडी भर. पुड्या खाऊन जेवण का जात नाही आणि तरी वजन का वाढतं, यावर अमेरिकेत २०१९ साली केविन हॉल यांनी एक नेटका प्रयोग केला. वीस माणसांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं खाणं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं खाणं दिलं. ताटात मांडलेली साखर, मीठ, चरबी आणि तंतू दोन्हीकडे सारखेच ठेवले आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. कारखान्यातल्या खाण्यावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. खाण्याचा वेगही जास्त होता. पोट भरल्याचा निरोप पोचायच्या आतच पुडी संपते.

पण घरचं म्हणून सगळंच चालतं असं धरू नका. अमृत कोकमात साखर रग्गड असते, थंड पेयाऐवजी ते रोज दिलं तर फार काही साधत नाही. आगळाची, म्हणजे बिनसाखरेच्या कोकमाच्या रसाची सोलकढी द्या, तीही मीठ बेताचं घालून. फणसाचे तळलेले गरे, पापड, सुका बांगडा हे कधीमधी. आंबापोळीसुद्धा साखर घालून केलेली असेल तर छोटा तुकडा. उलट ताजी तारली आठवड्यातून एक-दोनदा जरूर करा. स्वस्त मासा, पण ओमेगा-३ चांगलं असतं. मुलं लहान आहेत, काटे तेवढे काढून द्या.

आचऱ्याची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. काकी, तुम्ही सांगितलं तसंच सासूबाईंना विचारलं. त्या कितीतरी वेळ बोलत होत्या. म्हणाल्या, चुरमुऱ्यात गूळ आणि खोबरं, नाहीतर सकाळची पेज आणि सुकटीची चटणी. गूळ-चुरमुऱ्याचा डबा आता त्यांनीच आपल्या खाटेजवळ ठेवलाय, पोरं आली की वाट्या भरून देतात. दडपे पोहे मुलगा कालवतो, कांदा मात्र आजी चिरते. दुकानदार दादा, नाक्यावर अजून बोलायचंय, नवरा आला की दोघं जाऊ.

एकच अडलंय. पोरगा नूडल्सचा हट्ट सोडत नाही. पुडीतलं नको म्हटलं की रडून घर डोक्यावर घेतो. त्याला काय देऊ?

देवगडची काकी

अगो, घरात शेवया पाडायचा साचा, आपला शेवगा, आहे ना? मग शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया कर. तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात मीठ घालून भिजवायचं, मळून मुठीएवढे गोळे करायचे आणि ते उकळत्या पाण्यात सोडायचे. शिजून वर तरंगले की काढून गरम गरमच शेवग्यात घालायचे आणि दाबायचे. आपण एरवी नारळाच्या रसात गूळ-वेलची घालून खातो, तसे अर्धे ठेव. उरलेल्या अर्ध्यांना लसूण, गाजर, फरसबी, कोबी परतून त्यात घाल, वर लिंबू पिळ. लांब शेवया ताटात दिसल्या की पोरगा गप बसतो, माझ्या नातवाचं असंच झालं. रोज होणारं काम नाही हे, रविवारीच धर. गोळा निवला की शेवगा दाबताना जीव जातो, तेव्हा नवरा घरी असेल त्या रविवारी दाबायला त्यालाच बसव.